नामंजुरीचा परवाना : मुंबईतल्या बांधकाम-अटींचा इतिहास

मुंबईत नवी इमारत उभारायची, मग ते ऑफिसांचे टॉवर असो, हॉटेल असो की बाजाराची इमारत, तर महापालिकेकडून पहिल्यांदा हाती पडतो तो कागद परवानगीचा नसतो. त्याचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना. बिल्डर, आर्किटेक्ट, लायसन्स सर्व्हेअर, कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील, सगळे तिला आयओडी म्हणतात आणि ती मिळाली की ‘प्लॅन पास झाला’ असे धरून चालतात. कागदावर मात्र उलटेच लिहिलेले असते: तुमची इमारत मंजूर करता येत नाही, आणि त्याची कारणे खाली दिली आहेत. ही कारणेही नकारातच लिहिण्याची रीत आहे. रस्तारुंदीची रेषा सोडून चारही बाजूंनी कुंपणभिंत बांधलेली नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमलेला नाही. सखल भूखंड मुरूम-माती टाकून भरून, रोलर फिरवून रस्त्याकडे उताराचा केलेला नाही. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घेतलेले नाही. अर्ज करणाऱ्याने यातला एकेक ‘नाही’ पुसत जायचा. सगळे पुसले गेले की नामंजुरीची आपोआप मंजुरी होते. इतर शहरांत ज्याला अट म्हणतात, त्याला मुंबईच्या कायद्याने दोष मानले आहे.

या उलट्या भाषेचे मूळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आहे. त्याआधी १८६५ च्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस मंडळींची महापालिका आणि म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण झाले होते. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर. १८७२ मध्ये निवडून आलेल्या सभासदांचा शिरकाव झाला आणि १८८८ च्या कायद्याने त्या व्यवस्थेला आजवर टिकलेला आकार दिला. तो आकार देण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा हात होता. या कायद्याचे कलम ३३७ सांगते की इमारत बांधू इच्छिणाऱ्याने कमिशनरला नोटीस द्यावी. ‘परवानगी मागावी’ असे ते म्हणत नाही. जमीन मालकाची, बांधण्याचा हक्कही त्याचा, सरकारला फक्त कळवायचे, असा तेव्हाच्या विलायती मालमत्ता-विचाराचा बाज त्यात आहे. कलम ३४५ प्रमाणे कमिशनरने तीस दिवसांत हरकत कळवली नाही तर मालकाने काम सुरू करावे. पुढचे कलम ३४६ म्हणते की हरकत असेल तर ती कारणांसह लेखी कळवावी, आणि कोणत्या गोष्टी पुऱ्या केल्यास इमारत मंजूर समजली जाईल तेही सांगावे.

कारकुनी व्यवहाराची सारी चतुराई या एका कलमात साठली आहे. तीस दिवसांत उत्तर गेले नाही तर इमारत आपसूक मंजूर होणार, बिनशर्त मंजुरी दिली तर पुढच्या प्रत्येक चुकीची जबाबदारी खात्यावर येणार. त्यापेक्षा वेळेत नामंजूर करून टाकावे आणि अटींच्या यादीत परतीची वाट ठेवावी, हे खात्याला सोयीचे. अपवाद म्हणून लिहिलेले कलम अशा रीतीने नेहमीचा रस्ता बनले आणि त्याचा छापील नमुना तयार झाला. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत शहराला जी जी धास्ती बसली, ती या नमुन्याच्या तळाशी एक कलम होऊन जाऊन बसली.

अर्थात अटी घालण्याची सवय या कायद्याहून जुनी आहे. सुरुवातीला त्या घालणारा होता जमीनमालक, म्हणजे सरकार किंवा पोर्ट ट्रस्ट. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडायला काढली आणि कापसाच्या पैशाने फुगलेल्या शहराला एकदम मोकळी जमीन मिळाली. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आखले गेले. पालिकेने ती जागा घेतली, भूखंड पाडले आणि विकले. विकत घेणाऱ्यांना दर्शनी बाजू मात्र एकाच नमुन्याची ठेवावी लागली. १८७२ पर्यंत पुऱ्या झालेल्या त्या अर्धवर्तुळाकार रांगांत आजही बँका आणि कचेऱ्या आहेत, आणि कुठली इमारत कुठे संपते ते नुसत्या नजरेने पटकन कळत नाही.

याहून उपयोगी अट हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर आली. १८९६ च्या सरकारी नियमाने तिथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींखालून सलग पादचारी वाट सोडणे भाग पडले. वरच्या मजल्यांवर मालकाने गॉथिक, नवअभिजात की इंडो-सारासेनिक शैली वापरावी याचे त्याला मोकळेपण होते. पायाखालची वाट मात्र सर्वांची. भर पावसात बोरीबंदर स्टेशनाकडून फ्लोरा फाउंटनकडे चालत जाणारा माणूस बराचसा कोरडा पोहोचतो तो या अटीमुळे. पुढे त्याच कमानींखाली फेरीवाल्यांनी दुकाने मांडली आणि त्या अटीचा अर्थच बदलला, ही गोष्ट वेगळी. बॅलार्ड इस्टेटमध्ये तर पोर्ट ट्रस्टने हे तंत्र टोकाला नेले. गोदीच्या खोदाईतून निघालेली माती टाकून सुमारे २२ एकर जमीन तयार झाली, जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली १९१४ ते १९१८ या काळात तिथे कचेऱ्यांच्या इमारती उठल्या, आणि उंचीपासून दर्शनी दगडापर्यंत त्यांचा एकच मेळ राखला गेला. भाडेपट्ट्याची अट मोडली तर जमीनच जाण्याचे भय असते, म्हणून ती पाळली जाते. पालिकेच्या अटींना हे बळ कधीच नव्हते. शिवाय पट्ट्याच्या अटी पाहायच्या त्या मुख्यतः इमारतीच्या तोंडाकडे. पालिकेचे लक्ष गटाराकडे, जिन्याकडे आणि मागच्या गल्लीकडे.

मागच्या गल्लीची खरी दहशत १८९६ मध्ये बसली. मांडवी बंदराच्या वस्तीतून प्लेग पसरला, लोक शहर सोडून पळाले, व्यापार बसला. १८९८ मध्ये कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले. समुद्राचा वारा आत जावा हा त्यामागचा एक हेतू. रस्त्याकडेचे भूखंड ट्रस्टने पट्ट्याने दिले आणि त्यांवर दुकाने व कचेऱ्यांच्या इमारती झाल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. हा आकडा गूढ वाटतो, पण हिशेब सोपा आहे. खिडकीसमोर जेवढी उघडी जागा असेल तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच असू नये. मग खालच्या खोलीतूनही आकाशाचा तुकडा दिसतो. दहा फूट मोकळी जागा सोडली तर समोर वीस फूट भिंत चालेल, चाळीस चालणार नाही. जुन्या चाळींतल्या दोन-तीन फुटांच्या घरगल्ल्या पाहिल्या म्हणजे हा कोन कशावर उतारा होता ते समजते. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. इमारतीची उंची आणि भोवतीची मोकळी जागा यांचे गुणोत्तर मात्र नियमांत कायमचे राहिले. आजही सामासिक जागा उंचीच्या प्रमाणातच मोजतात.

प्लेगनंतर मलेरिया. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून अहवाल दिला आणि बोट ठेवले ते विहिरींवर व उघड्या टाक्यांवर. शहरातला डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे त्यातून पक्के झाले. आयओडीच्या छापील टिपांत टाकीचे जे वर्णन येते ते या चौकशीचे वारस म्हणावे लागेल. टाकीचे झाकण ओतीव लोखंडाचे, एकाच तुकड्याचे, बिजागरीचे, डास न शिरेल असे बंद होणारे आणि कुलपाची सोय असलेले हवे. ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडाला बागेतल्या झारीसारखी जाळी हवी, आणि तिचे भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नको. टाकीवर चढायला घट्ट बसवलेली लोखंडी शिडी हवी, म्हणजे पालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस वर जाऊन पाहू शकेल. चाळीस मजली ऑफिसच्या नकाशालाही हीच टीप जोडलेली असते.

त्याच टिपांत कुंपणभिंतीवर फुटक्या बाटल्या लावू नयेत अशी सक्त ताकीद आहे, आणि लगेच खुलासा आहे की ही बंदी फुटक्या बाटल्यांपुरतीच; भिंतीच्या माथ्यावर साधी काच वापरायला हरकत नाही. कधीतरी कुणीतरी काचेवरून वाद घातल्याशिवाय असा खुलासा छापला जात नाही. भूखंडाची भरणी किती करायची याचा आकडाही जुनाच: ९२ टाऊन हॉल डेटम, किंवा शेजारच्या रस्त्याहून सहा इंच वर, यातली जी पातळी उंच असेल ती. हा ९२ म्हणजे टाऊन हॉलच्या, आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या, संदर्भाने ठरवलेल्या पातळीवर फुटांत मोजलेला आकडा. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाण्याला समुद्रात जायला वाट नसते, अशा शहरात ही अट शोभेची नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ते सर्वांना नव्याने उमगले.

देश स्वतंत्र होईपर्यंत अटी होत्या त्या एकेका इमारतीच्या. भोवतालच्या शहराचा विचार मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्याने सुरू केला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा, पण तो तुकड्यातुकड्यांच्या योजनांपुरता होता. संपूर्ण शहराचा विकास आराखडा १९५४ च्या कायद्याने सक्तीचा झाला. बृहन्मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार होऊन १९६७ मध्ये मंजूर झाला, आणि त्याच सुमारास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अमलात आला. बोलीत हा एमआरटीपी. या कायद्याने बांधकामाला ‘विकास’ हे नाव दिले आणि त्यासाठी खरोखरीची परवानगी आवश्यक ठरवली. इथे मालक कळवत नाही, मागतो. साठ दिवसांत उत्तर न आल्यास मात्र काही अटींवर परवानगी मिळाली असे धरले जाते.

साहजिकपणे नवा कायदा आल्यावर जुना नमुना रद्द व्हायला हवा होता. तसे झाले नाही. मुंबईत दोन्ही कायदे एकावर एक चढले. आधी १८८८ च्या कायद्याखाली नामंजुरी, मग १९६६ च्या कायद्याखाली बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. सीसीही एकदम मिळत नाही. पहिली जोत्यापर्यंतची, जोते तपासून नकाशाबरहुकूम असल्याची खात्री झाली की पुढची. आयओडीतल्या अटींचे गटही त्याप्रमाणे पडले: काम सुरू करण्यापूर्वीच्या, पुढच्या सीसीपूर्वीच्या, भोगवट्यापूर्वीच्या आणि शेवटच्या पूर्णत्व दाखल्यापूर्वीच्या. पुणे-नाशिककडचा बिल्डर मुंबईत आला की त्याला आयओडी हे प्रकरण आधी समजावून घ्यावे लागते. तिकडे रोजच्या बोलण्यात हा शब्द नाहीच. राज्याच्या इतर बहुतेक भागासाठी २०२० मध्ये एकत्रित नियमावली आली, तीतूनही मुंबई वगळलेली आहे.

नकाशाचीही ठरलेली भाषा असे आणि इमारत प्रस्ताव विभागातला इंजिनिअर ती रंगांवरून वाचत असे. भूखंडाची हद्द जाड काळी, रस्ता हिरवा, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवे बांधकाम लाल, सांडपाण्याच्या नळ्या लाल ठिपक्यांच्या. लाल भाग पिवळ्यापेक्षा किती वाढला हे पाहिले की चटई क्षेत्राचा अंदाज तिथेच येई.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट क्षेत्र बांधता येईल ते ठरवणारा एफएसआय, हा १९६४ च्या आराखड्याचा सर्वांत दूरगामी परिणाम. त्यानंतर उंचीपेक्षा बांधकामाच्या एकूण क्षेत्रावर बंधन आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बेटावरच्या शहराला १.३३ आणि उपनगरांना १ असा निर्देशांक होता. सी-१ म्हणजे स्थानिक व्यापारी आणि सी-२ म्हणजे जिल्हा व्यापारी अशी विभागणी होती. आरक्षणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम-हक्क, म्हणजे टीडीआर, होता. ऑफिसांना दक्षिण मुंबईबाहेर पहिल्या दीड हजार चौरस मीटरपर्यंत दर ३७.५ चौरस मीटरला एक गाडी उभी करण्याची जागा ठेवावी लागे. रस्तारुंदीत जाणारी पट्टी पालिकेला द्यायची, मिळकत पत्रिकेवर पालिकेचे नाव लावून आणायचे, आणि त्या पट्टीचे क्षेत्र वर चढवायचे, हा व्यवहारही याच हिशेबाचा भाग. हा हिशेब फसला की काय होते ते वॉर्डन रोडवरच्या प्रतिभा या छत्तीस मजली रहिवासी इमारतीने दाखवले. निर्देशांकाबाहेरचे आठ मजले पाडण्याचा पालिकेचा १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम केला. व्यापारी इमारतींच्या नकाशांवरही त्यानंतर क्षेत्राच्या तक्त्याला नकाशापेक्षा जास्त वेळ मिळू लागला.

१९७० नंतर अटींची यादी लांबत गेली ती पालिकेबाहेरच्या खात्यांमुळे. वृक्षतोडीसाठी १९७५ चा कायदा. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा, जो महाराष्ट्राने २००७ मध्ये मागे घेतला. किनाऱ्यालगतच्या बांधकामासाठी १९९१ ची अधिसूचना. उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण. वारसा इमारतींसाठी १९९५ ची नियमावली आणि समिती. वीस हजार चौरस मीटरवरच्या प्रकल्पांना २००६ पासून पर्यावरण मंजुरी. पर्जन्य जलसंचय २००२ मध्ये हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांना सक्तीचा झाला आणि २००७ मध्ये ही मर्यादा तीनशेवर उतरली. प्रत्येकाची नाहरकत वेगळी, टेबल वेगळे. बिल्डरांची ‘एनओसी गोळा करणारी’ माणसे हा एक स्वतंत्र पेशाच तयार झाला. वांद्रे-कुर्ला संकुलात कचेऱ्यांची रीघ लागली त्याला तिथली जमीन आणि निर्देशांक ही मुख्य कारणे खरी, पण तिथे परवानगी देणारी संस्था पालिका नसून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आहे. कलम ३४६ चा नमुना तिथे लागत नाही, ही सोयही लहान नव्हती.

२०१२ पासून अटींचे काहीसे दरपत्रक झाले. बाल्कन्या, फुलझाडांचे कट्टे यांच्या नावाखाली निर्देशांकातून सूट मिळवायचा जुना धंदा बंद करण्यासाठी फंजिबल एफएसआय आणला गेला: प्रीमियम भरून रहिवासी इमारतीला ३५ टक्के आणि व्यापारी व औद्योगिक इमारतीला २० टक्के जादा क्षेत्र. त्याआधीही मोकळ्या जागेतली तूट कमिशनरच्या अधिकारात पैसे भरून माफ होत असे. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाला अशा रीतीने किंमत लागली. हे व्यवहार उघड दराने होऊ लागले हा फायदा खरा. पण वाऱ्या-उजेडासाठी सोडलेली जागा पैसे भरून परत येत नाही.

अट पाळली आहे की नाही हे इमारत उभी राहीपर्यंत पाहायला माणसे असतात. नंतर कोणी नसते. अग्निशमन दल १८८७ मध्ये पोलिसांकडून पालिकेकडे आले आणि उंच इमारतींना त्याची नाहरकत लागते. १९९१ च्या नियमावलीत २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आश्रयाची जागा, अग्निशामक लिफ्ट, दुसरा जिना असे सगळे होते. परंतु २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात, जुन्या गिरणीच्या जमिनीवर झालेल्या व्यापारी संकुलात, गच्चीवरच्या खानावळींना आग लागून चौदा माणसे मेली. नकाशात मोकळी म्हणून दाखवलेली गच्ची प्रत्यक्षात छप्पर घालून वापरात होती. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत देण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे; ती किती ठिकाणी कागदापुरती उरली होती ते त्या दुर्घटनेनंतरच्या तपासण्यांत दिसले.

यादीतली अलीकडची मोठी भर न्यायालयाने घातली. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमी भरून वाहत असताना शहर नवा कचरा कुठे टाकणार, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने पुनर्विकास वगळता नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई मार्च २०१८ मध्ये सैल केली, ती अटी घालूनच: राडारोडा आधी ठरवलेल्या जागीच टाकायचा, त्या जागामालकाची संमती दाखवायची आणि बँक हमी द्यायची. एरवी रात्री डंपर खाडीच्या कडेला रिकामा होतो, हे ज्ञान त्या अटीमागे आहे.

२०१८ मध्ये विकास आराखडा २०३४ ची नियमावली लागू झाली. रुंद रस्त्यांवरच्या व्यापारी इमारतींना तिने पाचपर्यंत निर्देशांक खुला केला. नकाशे त्याआधीच संगणकावर तपासले जाऊ लागले होते. रंगांचे काम आता थरांची नावे करतात आणि अर्ज कोणत्या टेबलावर अडकला ते पडद्यावर दिसते. पण त्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या कागदावर अजून कलम ३४६ आहे, इमारत मंजूर करता येत नसल्याचे वाक्य आहे, आणि खाली नकारार्थी कारणांची रांग आहे. त्यांतले शेवटचे कारण भोगवट्याचे. कलम ३५३-अ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्याशिवाय इमारत वापरता येत नाही. ते न घेताच गाळे आणि कचेऱ्या सुरू झालेल्या असंख्य इमारती शहरात आहेत. त्या पाणी जादा दराने घेतात आणि त्यांच्या फाइलीतला नामंजुरीचा कागद अजून नामंजूरच आहे.